अपघात विभागाच्या दारात: हात उगारला जाण्याआधी काय करता येते



आदिवासी भागातील आरोग्यसेवेविषयी आपण या पत्रिकेतून नेहमी वाचता. कुपोषण, सिकलसेल, बाळंतपण, सर्पदंश हे विषय आपल्या ओळखीचे आहेत. या वेळी उपचार घेणाऱ्यांबरोबर उपचार करणाऱ्यांविषयीही लिहायचे आहे. रुग्णालयाचा अपघात विभाग, ज्याला गावाकडे आपण सरळ ‘कॅज्युअल्टी’ म्हणतो, तिथे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि पहारेकरी यांच्यावर हात उगारला जातो. शिवीगाळ तर रोजचीच. हे का घडते, कसे टाळता येते आणि त्यात मंडळीतल्या माणसांचा काही वाटा असू शकतो का, हे समजून घेऊ या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरातील आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते ३८ टक्के जणांना नोकरीच्या काळात केव्हा ना केव्हा मारहाण सोसावी लागते. धमक्या आणि शिव्या ऐकणारे त्याहून पुष्कळ अधिक. परिचारिका, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आणि तातडीच्या विभागात काम करणारे यांना हा धोका सर्वांत जास्त असतो.

मार एकाला, शिक्षा साऱ्या तालुक्याला

मुंबई-पुण्यात एका रुग्णालयात तोडफोड झाली आणि काम बंद पडले, तर रुग्णाला दुसरे दार ठोठावता येते. धडगाव, धारणी, जव्हार किंवा भामरागड येथे तसे दुसरे दार नसते. तिथे रात्रीच्या पाळीला बहुधा एकच डॉक्टर, एक-दोन सिस्टर आणि एखादा शिपाई असतो. त्या डॉक्टरला एकदा मार बसला किंवा नुसता घेराव पडला, तरी तो बदली मागतो. नव्याने शिकून बाहेर पडलेली मुले ही बातमी ऐकतात आणि त्या तालुक्याची नेमणूक नको म्हणतात. पद रिकामे राहते. पुढच्या पावसाळ्यात बांबूला झोळी बांधून बाळंतीण आणली जाते, तेव्हा तिला तपासायला कोणी नसते. ज्याने हात उगारला त्याचा या बाईशी काही संबंध नसतो, पण किंमत तिला मोजावी लागते.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पाड्यावरचा माणूस सहसा हात उगारत नाही. तो भिंतीला टेकून उभा राहतो, कोणी खेकसले तरी मान खाली घालतो आणि पहाटे कोणाला न सांगता रुग्णाला उचलून घरी घेऊन जातो. रुग्णालयाच्या कागदावर ‘सल्ल्याविरुद्ध निघून गेला’ एवढीच नोंद होते. शहरातल्या माणसाचा राग काचा फोडतो, आदिवासी माणसाचा राग पाठ फिरवून निघून जातो. पण खोलात गेलो तर दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकच निघते. आपल्या माणसाचे आत काय चालले आहे, हे बाहेर उभ्या असलेल्यांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून डॉक्टरची पाठ राखण्याचे आणि आदिवासी रुग्णाला उपचारापर्यंत टिकवून ठेवण्याचे काम वेगवेगळे नाही.

धुळ्यात काय घडले

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात रात्री डोक्याला मार लागलेला एक अपघातग्रस्त आणला गेला. त्याला मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाची गरज होती आणि तसा तज्ज्ञ तिथे नव्हता. कामावर असलेल्या निवासी डॉक्टरने रुग्णाला दुसरीकडे हलवण्यास सांगितले. त्यावर सोबतच्या जमावाने त्याला बेदम मारले. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्याच महिन्यात मुंबईच्या शीव रुग्णालयातही निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. बाह्यरुग्ण विभाग ओस पडले, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. शासकीय रुग्णालयांत सुरक्षारक्षक नेमण्याचे आणि रुग्णासोबत दोनच नातेवाइकांना पास देण्याचे आश्वासन सरकारने दिले.

त्या तरुण डॉक्टरने उपचार नाकारले नव्हते. आपल्याकडे जे नाही ते नाही, हे त्याने सांगितले होते. पण ‘दुसरीकडे न्या’ हे शब्द नातेवाइकांच्या कानात ‘आम्ही याला मरू देतो’ असे वाजतात. आदिवासी भागात तर हे रोज घडते. पाड्यावरून उपकेंद्र, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. प्रत्येक पायरीवर ‘पुढे न्या’. जो माणूस चौथ्या दारात पोहोचतो, त्याच्या मनात आधीच्या तीन दारांचा राग साठलेला असतो आणि तो चौथ्या दारातल्या सिस्टरवर निघतो.

वाट पाहताना मनात काय चालते

अपघात विभागात नंबर लागतो तो येण्याच्या क्रमाने नव्हे. आल्याबरोबर रुग्णाची नाडी, श्वास, रक्तदाब आणि शुद्ध पाहून त्याचा क्रम ठरवला जातो. ज्याचा जीव आत्ताच्या आत्ता धोक्यात आहे तो लाल. ज्याला लवकर उपचार हवेत पण थोडा वेळ हाताशी आहे तो पिवळा. जो थांबू शकतो तो हिरवा. याला ट्रायाज म्हणतात. पद्धत योग्य आहे, पण ती नातेवाइकांना माहीत नसते. हात मोडलेल्या मुलाचा बाप तासभर बसलेला असतो आणि मागून आलेल्या म्हाताऱ्याला थेट आत नेले जाते. त्याला वाटते, ओळखीचा असेल किंवा पैसे दिले असतील. आजोबांच्या छातीत कळ आली आहे, हे एक वाक्य कोणी बोलले असते तर तो बाप स्वतःच बाजूला सरकला असता.

दुसरे उदाहरण सर्पदंशाचे. पायाला दोन दात लागलेला माणूस धापा टाकत आणला जातो. डॉक्टर त्याच्या हातातून थोडे रक्त काढतात, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत ठेवतात आणि ती नळी न हलवता २० मिनिटे तशीच राहू देतात. वीस मिनिटांनी नळी तिरकी केल्यावर रक्त गोठलेले नसेल, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष रक्तात भिनले आहे असे समजते आणि प्रतिविषाच्या साधारण ८ ते १० कुप्या शिरेवाटे सुरू होतात. प्रतिविष उगाच देता येत नाही, कारण त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून ही चाचणी महत्त्वाची. त्या वीस मिनिटांत रुग्णाचा श्वास, नाडी आणि पापण्या यांवरही लक्ष ठेवलेले असते, कारण नाग आणि मण्यार यांचे विष रक्तापेक्षा श्वासावर घाला घालते. तशी लक्षणे दिसली तर नळीची वाट न पाहता प्रतिविष दिले जाते.

आता हेच दृश्य खिडकीतून पाहणाऱ्या भावाच्या जागी उभे राहून पाहा. त्याने दहा किलोमीटर झोळी वाहिली आहे. आत डॉक्टर एक नळी टेबलावर ठेवून कागदावर काहीतरी लिहीत बसले आहेत. इंजेक्शन नाही, सलाईनच्या पलीकडे काही दिसत नाही. ‘माझा भाऊ मरतोय आणि हा लिहीत बसलाय’ असे त्याला वाटले, तर नवल काय? डॉक्टर त्याच्या भावाला वाचवण्याचेच काम करत आहेत, पण ते बाहेरून कामासारखे दिसत नाही. अशा वेळी सिस्टरने त्याला ती नळी दाखवून दोन वाक्यांत सांगितले की रक्त गोठते का ते पाहतो आहोत, घड्याळाचा मोठा काटा इथे आला की कळेल, तर तोच भाऊ घड्याळाकडे पाहत शांत बसतो.

सिकलसेलच्या रुग्णाचे दुखणेही असेच फसवे. अंगावर जखम नाही, ताप असेल किंवा नसेल, पण हाडांत असह्य कळा येतात. ‘नाटक करतो’ असे कोणी कर्मचारी बोलून गेला की घरच्यांच्या काळजावर घाव बसतो. येथे शिकायचे आहे ते रुग्णालयाने. ही वेदना खरी असते, आणि अशा रुग्णाला लवकर वेदनाशामक औषध आणि सलाईन मिळायला हवे.

भाषेची अडचण या सगळ्याच्या तळाशी आहे. नंदुरबारच्या डोंगरात पावरी, भिली, मावची बोलतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, पालघरकडे वारली. डॉक्टर लातूरचा किंवा नागपूरचा असतो. ‘पेशंट क्रिटिकल आहे, काही सांगता येत नाही, इथे सही करा’ हे वाक्य मराठी शिकलेल्यालाही घाबरवते. ज्याला त्यातला निम्माच भाग कळतो, त्याला वाटते की आपल्याकडून काहीतरी लपवले जात आहे.

आजारच हात उगारतो तेव्हा

प्रत्येक वेळी राग हेच कारण नसते. कधी रुग्ण स्वतःच झटापट करतो आणि ते त्याच्या आजाराचे लक्षण असते. रक्तातील साखर एकदम उतरली, डोक्याला मार लागला, हिवताप मेंदूत गेला, रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, की शांत माणूसही शिव्या देतो, सलाईन उपटून टाकतो, चावतो. अशा माणसाला ‘दारुडा’ म्हणून दोराने बांधून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. बोटाला सुई टोचून साखर पाहण्यास मिनिटभरही लागत नाही आणि त्या मिनिटात जीव वाचू शकतो.

१० मे २०२३ रोजी केरळमधील कोट्टारक्करा येथील तालुका रुग्णालयात जे घडले ते देश विसरलेला नाही. पोलिसांनी जखमेवर मलमपट्टी करण्यासाठी पहाटे आणलेल्या एका बेभान माणसाने तिथल्याच कात्रीने २३ वर्षांच्या शिकाऊ डॉक्टर मुलीला भोसकून ठार मारले. या घटनेतून काही साधे नियम पुढे येतात. बेभान माणसाजवळ कात्री, ब्लेड, सुया उघड्यावर ठेवू नयेत. पोलिसांनी आणलेल्या माणसाजवळ पोलिसांनी थांबावे. तपासणाऱ्याने एकटे राहू नये. खोलीला बाहेर पडायला दुसरे दार असावे, आणि नसेल तर कर्मचारी दाराच्या बाजूला उभा असावा, रुग्ण त्याच्या आणि दाराच्या मध्ये नसावा.

काय उपयोगी पडते

हल्ला बहुतेक वेळा अचानक होत नाही. आधी खुणा दिसतात. ऑस्ट्रेलियातील परिचारिका-संशोधकांनी २००७ साली तातडीच्या विभागात निरीक्षण करून पाच खुणा नोंदवल्या: रोखून पाहणे, आवाज चढणे किंवा बोलण्यात उपरोध येणे, घालमेल, तोंडातल्या तोंडात पुटपुटणे आणि येरझाऱ्या घालणे. ही यादी आपल्या कोणत्याही तालुका रुग्णालयात तशीच्या तशी लागू पडते. येरझाऱ्या घालणाऱ्याला ‘बस खाली’ म्हणून ओरडण्याऐवजी त्याच्याकडे जाऊन ‘दादा, तुमचे कोण आत आहे?’ एवढे विचारले, तर पुष्कळदा पुढचे सगळे टळते. बोलताना हातभर अंतर ठेवावे, हात मोकळे दिसू द्यावेत, आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवावा आणि जमल्यास दोघांनीही बसावे. आणि माणूस ऐकण्याच्या पलीकडे गेला आहे असे दिसले, तर धाडस न करता मागे सरून मदत बोलवावी.

इंग्लंडमध्ये या विषयावर एक साधा प्रयोग झाला. तिथल्या आरोग्य खात्याने आणि डिझाइन कौन्सिलने २०११ नंतर दोन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत भिंतीवर फलक लावले. आपण आता कोणत्या टप्प्यावर आहात, पुढे काय होईल, थांबावे का लागते, हे सोप्या शब्दांत लिहिले. नंतर पाहणी केली तेव्हा ७५ टक्के रुग्णांनी सांगितले की या फलकांमुळे वाट पाहताना होणारा त्रागा कमी झाला. धमकावणारे हावभाव आणि आक्रमक वागणे निम्म्यावर आले. पहारेकरी वाढवून नव्हे, माहिती देऊन हे साधले. आपल्याकडे फलक लावायचा तर त्यावर अक्षरांपेक्षा चित्रे हवीत आणि तो वाचून दाखवणारा माणूसही हवा.

सर्वांत कठीण घडी मृत्यूची बातमी सांगण्याची. जास्तीत जास्त भडका याच वेळी उडण्याचा धोका असतो. ही बातमी ओसरीत उभ्याने, चालता चालता किंवा सर्वांत नवख्या मुलीला पुढे करून सांगू नये. जवळच्या दोघा-तिघांना बाजूला बसवावे. ज्येष्ठ डॉक्टरने स्वतः सांगावे. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारावे, मग काय काय केले ते थोडक्यात सांगावे आणि मृत्यू झाला हे स्पष्ट शब्दांत, त्यांच्या बोलीत सांगावे. आडून आडून बोलले की आशा लोंबकळत राहते आणि ती तुटल्यावर राग उसळतो. त्यांना रडू द्यावे. देह पाहू द्यावा, हात लावू द्यावा.

त्यानंतर शवविच्छेदनाचा प्रश्न येतो. ‘आता मेल्यावरही कापणार?’ या प्रश्नातून अनेक ठिकाणी वाद पेटतो. अपघात, विषबाधा, सर्पदंश अशा मृत्यूची नोंद पोलिसांकडे होते आणि शवविच्छेदन कायद्याने करावे लागते, डॉक्टरच्या मर्जीने नव्हे, हे शांतपणे सांगायला हवे. शेतकरी कुटुंबाला अशा मृत्यूनंतर शासनाच्या अपघात योजनेतून आर्थिक मदत मागता येते आणि त्या अर्जासाठी कागद लागतात, हेही सांगितले तर घरच्यांना त्यामागचे कारण कळते.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात २०१० पासून डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी वेगळा कायदा आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोडतोड केली तर मालमत्तेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली की कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास संस्थेच्या प्रमुखाने ६ तासांच्या आत पोलिसांत तक्रार नोंदवावी. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच महिन्यात वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती गट नेमला. मारहाण झालेल्या सिस्टरने एकटीने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्यात, ही वेळ तिच्यावर येऊ नये, हा त्या सहा तासांच्या सूचनेचा खरा अर्थ आहे.

कायद्याची दुसरी बाजूही आपण जाणून घ्यावी. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की जखमी माणूस समोर आला की आधी त्याचा जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरला लागू आहे. खरोखरच हलगर्जी झाली असेल, तर दाद मागण्याचे मार्ग आहेत: रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, ग्राहक आयोग. रुग्णाच्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा हक्कही नातेवाइकांना आहे. तक्रार कुठे करायची हे ज्याला ठाऊक असते आणि ती ऐकली जाईल असा ज्याला भरवसा असतो, त्याला दगड उचलण्याची गरज वाटत नाही. म्हणून तक्रारीची वाट दाखवणारा फलक हेसुद्धा कर्मचाऱ्याचे संरक्षणच आहे.

कायदा हवाच. पण तो बहुतेक वेळा मार बसल्यानंतर कामाला लागतो. त्याआधीचा तास माणसांच्या हातात असतो.

आपण काय करू शकतो

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. आपल्यातलीच, आपल्या बोलीत बोलणारी बाई सांगते म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसला. हीच वाट अपघात विभागापर्यंत नेता येईल. आपल्या मंडळीतून आणि सहकाऱ्यांकडून पुढील कामांत हातभार लागू शकतो.

पहिले, दारातला मदतनीस. रुग्णालयाच्या अधीक्षकांची लेखी परवानगी घेऊन, स्थानिक बोली जाणणाऱ्या दोन-तीन तरुण-तरुणींनी संध्याकाळी आणि बाजाराच्या दिवशी अपघात विभागाच्या दारात थांबावे. काम साधे आहे. आलेल्याला पाणी द्यावे, केसपेपर काढून द्यावा, आत काय चालले आहे ते सिस्टरला विचारून दर अर्ध्या तासाने बाहेर सांगावे. नवे काही नसेल तर ‘अजून तपासणी चालू आहे’ एवढे तरी सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याच्याशी गाठ घालून द्यावी. मदतनिसाने औषधाविषयी स्वतःचे मत देऊ नये, ‘नक्की बरा होईल’ असे वचन देऊ नये आणि रुग्णाची गोष्ट बाहेर कुठे बोलू नये. संकटात सापडलेल्या माणसाला आपल्या श्रद्धेविषयी त्या क्षणी काही ऐकवू नये. त्याने आपण होऊन प्रार्थनेची विनंती केली तर गोष्ट वेगळी. वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा बांधणाऱ्या त्या शोमरोन्याने आधी त्याला उताराशाळेत पोहोचवले, त्याचा धर्म विचारला नाही, हे आपण जाणतोच.

दुसरे, बसायची जागा. बाहेर सावली, दोन बाके, पिण्याचे पाणी, चालू दिवा आणि स्वच्छ संडास. रात्रभर उभ्या राहिलेल्या माणसाचा पारा चढायला वेळ लागत नाही.

तिसरे, देह घरी नेण्याची सोय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मृतदेह नेत नाही आणि खासगी गाडीचे भाडे पाड्यावरच्या कुटुंबाला परवडत नाही. मंडळीने या कामासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवली, गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवले, तर दुःखाच्या घडीला भाड्याची घासाघीस करण्याची वेळ त्या घरावर येणार नाही.

चौथे, गर्दी न वाढवणे. गावातला कोणी दाखल झाला की ट्रॅक्टर भरून माणसे जातात. प्रेमापोटीच जातात, पण अपघात विभागाच्या दारात पन्नास माणसे उभी राहिली की आतल्या माणसाला ती भिंत वाटते. दोन जाणत्यांनी आत थांबावे, बाकीच्यांनी बाहेर थांबावे किंवा रक्त देण्यासाठी तयार राहावे. मोबाइलवर चित्रण करून अर्धवट गोष्ट गावभर पाठवणाऱ्या तरुणांना वडीलधाऱ्यांनी प्रेमाने आवरावे.

पाचवे, आभार. रात्रपाळी करून थकलेल्या सिस्टरला ‘बाई, तुम्ही होता म्हणून निभावले’ असे क्वचितच कोणी म्हणते. बरा झालेला रुग्ण पुढच्या तपासणीला जाताना हे एक वाक्य सोबत घेऊन गेला, तरी तिला पुढची रात्र काढायला बळ येते.

यातली कोणतीही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. रुग्णालयांनीही त्यांचा वाटा उचलायला हवा. रात्री एका डॉक्टरवर सारा भार टाकू नये, संकटाची घंटा आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक हाताशी ठेवावा, कर्मचाऱ्यांना बोलण्याचे शिक्षण द्यावे आणि मार बसलेल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी एकटे सोडू नये. पुढे पाठवताना तिथल्या डॉक्टरला आधी फोन करावा आणि ‘तिकडे तुमची वाट पाहत आहेत’ असे नातेवाइकांना सांगता येईल अशी व्यवस्था करावी. ‘दुसरीकडे न्या’ आणि ‘तिकडे तुमची वाट पाहत आहेत’ या दोन वाक्यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच कधीकधी मारहाण आणि नमस्कार यांत असते.

आपल्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात दारातला मदतनीस म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकणाऱ्यांनी आपल्या मंडळीच्या पाळकांकडे किंवा आमच्या कार्यालयात नाव द्यावे. पावरी, भिली, कोरकू, माडिया यांपैकी एखादी बोली येत असेल तर ते आवर्जून कळवावे.

प्रार्थनेसाठी विषय

दुर्गम तालुक्यांत रात्रपाळी करणारे डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक आणि पहारेकरी यांचे रक्षण व्हावे. मार बसून मन खचलेल्या कर्मचाऱ्यांना धीर मिळावा. अपघात विभागाच्या बाहेर बसलेल्या प्रत्येक कुटुंबाजवळ, त्यांच्या बोलीत बोलणारे कोणीतरी असावे. आणि ते कोणीतरी आपल्यातूनच पुढे यावे.